लोकसेवक आणि लोकप्रतिमा

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

गावात नवा ग्रामपंचायत अधिकारी रुजू होतो. त्याच्या पदाचे नाव २०२४ मध्ये बदलले असले, तरी गाव त्याला अजून ग्रामसेवकच म्हणते. त्याने पहिला कागद हातात घेण्याआधीच गावाने त्याला वाचावयास प्रारंभ केलेला असतो. तो कोणाच्या गाडीतून आला, पहिला चहा त्याने कोणाच्या ओसरीवर घेतला, दलित वस्तीकडे जाणारी वाट त्याने कितव्या दिवशी तुडवली, कार्यालयाचे कुलूप किती वाजता निघाले, या गोष्टींची नोंद कोणत्याही नोंदवहीत होत नाही. तरीही ती होते आणि कायम राहते. आठ-पंधरा दिवसांत या नोंदींतून एक चित्र तयार होते. "माणूस कामाचा आहे", "साहेब गोड बोलतात, पण कागद हलत नाही", "त्यांच्याकडे गेले की दुसरा हेलपाटा पडत नाही", अशा एकेका वाक्यात गाव आपला निकाल सांगून मोकळे होते. या निकालालाच आजच्या भाषेत लोकप्रतिमा असे म्हणतात.

अशी प्रतिमा सर्वांचीच असते. ती नको म्हणणाऱ्याचीही असते. वर्गात उशिरा येणाऱ्या शिक्षकाची असते, तशीच सुटीच्या दिवशी मागे पडलेल्या मुलांना बोलावून शिकविणाऱ्या शिक्षकाचीही असते. म्हणून प्रतिमा असावी की नसावी हा प्रश्नच उद्भवत नाही. ती कशाची बनावी, तिचा खर्च कोणी सोसावा आणि तिचा लाभ कोणाच्या पदरात पडावा, हे तीन प्रश्न मात्र सार्वजनिक कामात असलेल्या प्रत्येकाने स्वतःला विचारावयास हवेत.

शब्दांची साक्ष

व्यापारात ज्याला 'ब्रँड' म्हणतात, त्या शब्दाचे मूळ आगीत आहे. युरोपातील जुन्या भाषांत त्याचा अर्थ जळते लाकूड असा होता. पुढे तापलेल्या लोखंडाने गुरांच्या अंगावर मालकाची खूण उमटविण्याच्या क्रियेस तो लागू झाला. तेथून तो मालाच्या पिंपांवर व खोक्यांवर आला आणि अखेरीस साबणाच्या वडीपर्यंत पोहोचला. १९९७ मध्ये टॉम पीटर्स या अमेरिकन लेखकाने 'फास्ट कंपनी' या नियतकालिकात एक लेख लिहून असे प्रतिपादन केले की, यापुढे प्रत्येक नोकरदाराने स्वतःलाच एक ब्रँड समजावे व त्याप्रमाणे आपली ख्याती जोपासावी. त्या लेखापासून व्यक्तीने स्वतःची छाप हेतुपूर्वक घडविण्याच्या विद्येचा मोठा बोलबाला झाला. त्याच्या कितीतरी आधी, १९५६ मध्ये, अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात दैनंदिन व्यवहाराची तुलना रंगभूमीशी केली होती. माणूस लोकांसमोर एक भूमिका वठवितो आणि पडद्यामागे आल्यावर ती उतरवून ठेवतो, असे त्याचे निरीक्षण होते.

मराठी भाषेने हा विचार आपल्या परीने पूर्वीच केलेला आहे. गुरांच्या अंगावर तापल्या लोखंडाने खूण करणे याला मराठीत डाग देणे म्हणतात. कपड्यावर पडतो किंवा चारित्र्याला लागतो, तोही डागच. आणि घरातील लक्ष्मीच्या अंगावर घातले जातात, तेही डागडागिनेच. खूण, कलंक आणि अलंकार या तिन्ही अर्थांना एकच शब्द पुरावा, हे अर्थपूर्ण आहे. सार्वजनिक जीवनात माणसाच्या नावावर जी खूण उमटते, तिचा अलंकार होणार की कलंक, हे पुढे त्याचे वर्तनच ठरविते.

याहूनही मोलाचा शब्द आहे तो पत. पत ही कोणालाही स्वतःची स्वतःला देता येत नाही. ती दुकानदार देतो, शेजारी देतो, सहकारी संस्था देते, आणि त्यामागे घेतलेले वेळेवर परत केल्याचा अनुभव असतो. लोकप्रतिमेचेही तसेच आहे. ती माणसाची मालमत्ता वाटते. प्रत्यक्षात ते त्याच्यावरील लोकांचे येणे असते. लोकांनी विश्वास टाकलेला असतो आणि त्याची फेड कामाने व्हावयाची असते.

वेष बोलतो

प्रतिमेचा विचार वेषापासून सुरू होतो, कारण डोळ्यांना प्रथम तोच दिसतो. याविषयी महाराष्ट्राचा व देशाचा इतिहास पुष्कळ काही शिकवितो.

मार्च १८८८ मध्ये पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. निमंत्रित मंडळी जरतारी वस्त्रांत व हिऱ्यामोत्यांत आली होती. जोतीराव फुले तेथे साध्या शेतकऱ्याच्या फाटक्या वेषात गेले आणि त्यांनी पाहुण्यांना सांगितले की, या दागिन्यांनी मढलेल्या मंडळींवरून या देशाची कल्पना करू नये. खरी प्रजा पाहावयाची असेल, तर खेड्यांत जावे. जोतीराव निर्धन नव्हते. ते बांधकामाची कंत्राटे घेत, आणि पुणे नगरपालिकेचे सदस्यही राहिलेले होते. चांगला पोशाख त्यांना परवडत नव्हता असे नाही. त्या दिवशीचा वेष त्यांनी विचारपूर्वक निवडला होता. परंतु तो खोटा ठरला नाही, कारण त्यामागे 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्याचा अभ्यास आणि शूद्रातिशूद्रांसाठी शाळा काढणाऱ्याचे आयुष्य उभे होते. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्याच्या सभेत जनतेने त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली.

नेमक्या त्याच वर्षी मोहनदास गांधी हा तरुण कायद्याच्या शिक्षणासाठी लंडनला पोहोचला. तेथील सभ्य गृहस्थांत शोभावे म्हणून त्याने एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली, बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून पोशाख शिवला, नृत्याची व व्हायोलिनची शिकवणी लावली. काही महिन्यांत हा नाद सुटला. आत्मचरित्रात त्यांनी ही हकीकत कोणताही आडपडदा न ठेवता सांगितली आहे. त्यानंतर तेहतीस वर्षांनी, २२ सप्टेंबर १९२१ रोजी, मदुराई येथे त्यांनी अंगरखा व टोपी सोडून गुडघ्यापर्यंतचा पंचा स्वीकारला. विदेशी कापडाची होळी करा म्हणून सांगावे, तर गरिबाला नवी खादी विकत घेणे शक्य नाही, ही अडचण त्यांच्यासमोर होती. ज्याला पूर्ण वस्त्र मिळणार नाही त्याने तेवढ्यावर भागवावे, हे सांगण्याचा अधिकार त्यांनी स्वतः तसे राहून मिळविला. १९३१ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात सम्राट पंचम जॉर्ज यांच्या भेटीलाही ते त्याच वेषात गेले. लंडनमधील टोपी पैशाने आली होती आणि पैशाबरोबरच गेली. पंचाची किंमत मात्र त्यांना रोज मोजावी लागली, म्हणून तो टिकला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा वेष याच्या अगदी विरुद्ध टोकाचा दिसतो. नीटनेटका सूट, कोट, बूट ही त्यांची ओळख झाली. ज्या समाजाने काही जातींना चांगले वस्त्र नेसण्याची, धातूचे चांगले दागिने घालण्याची बंदी केली होती, त्या समाजात त्या कोटाचा अर्थ चैन असा होऊच शकत नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी त्यांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितले की, ज्या तऱ्हेच्या लुगडे नेसण्यावरून आणि ज्या जाड दागिन्यांवरून तुमची जात लांबून ओळखली जाते, ती तऱ्हा सोडा व ते दागिने टाकून द्या. कित्येक स्त्रियांनी तो उपदेश ताबडतोब अमलात आणला. दुसऱ्याने अंगावर दिलेला डाग पुसून टाकण्याचे ते काम होते.

एकाने उंची पोशाख टाकला, दुसऱ्याने तो धारण केला, आणि लोकांना दोघांचेही म्हणणे समजले. यावरून एवढे स्पष्ट होते की, साधेपणा हा आपोआप सद्गुण ठरत नाही, आणि टापटीप हा आपोआप दोषही ठरत नाही. वेषाचा अर्थ तो धारण करणाऱ्याच्या कार्यावरून लागतो. खादीच्या कडक घडीतून ढोंग दिसू शकते, आणि इस्त्रीच्या साध्या सदऱ्यातून स्वाभिमान.

देबूजीचे गाडगेबाबा झाले ते कसे

लोकप्रतिमेचा सर्वांत बोलका धडा महाराष्ट्राला ज्या पुरुषाने दिला, त्याला या विद्येचे नावही ठाऊक नव्हते. देबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. दारूने वडिलांचा बळी घेतला. देबूजी आजोळी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे वाढले. गुरे राखली, नांगर धरला. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. त्यानंतरची पन्नासहून अधिक वर्षे ते गावोगाव फिरत राहिले.

चिंध्या जोडून केलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, जवळ मातीचे गाडगे आणि हातात खराटा, असे त्यांचे रूप होते. अनोळखी गावात त्यांना कोणी वेडा समजे, कोणी भिकारी. आल्याबरोबर ते रस्ता झाडावयास लागत. कचऱ्याचे ढीग, तुंबलेली गटारे, पाणवठ्याजवळची घाण, जे दिसेल ते. प्रथम मुले जमत, मग बघे जमत, मग त्यांतील काही जण खराटा हाती घेत. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन होई. त्या कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत. कर्ज काढून लग्न करू नका, दारू पिऊ नका, देवाच्या नावाने मुके प्राणी मारू नका, शिवाशीव पाळू नका, प्रसंगी भांडी विकावी लागली तरी चालेल, पण मुलांना शाळेत घाला, हा त्यांच्या कीर्तनाचा विषय असे.

लोकांनी त्यांचे नाव विचारले नाही. जवळच्या गाडग्यावरून लोकांनीच त्यांना नाव दिले. एका मडक्यावरून पडलेले हे नाव आज विद्यापीठाला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे लोकप्रतिमेचा प्रवास कोठून कोठे होतो याची कल्पना येते.

हे रूप सहज आलेले होते, असे मात्र समजण्याचे कारण नाही. इतकी वर्षे एकच वेष, एकच हत्यार, कामाचा एकच क्रम ठेवणे हे जाणीवपूर्वकच असावे लागते. मग या प्रतिमेत आणि बाजारी प्रतिमेत फरक काय? तो तीन गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट अशी की, खराटा ही त्यांची खूण होती आणि हत्यारही होते. बाबांचा खराटा रोज झिजत होता. ज्या चिन्हाने काही काम होत नाही ते चिन्ह लवकरच सोंग ठरते. शिक्षकाच्या हातातील पुस्तक, परिचारिकेचा गणवेश, सरपंचाची खुर्ची या साऱ्यांना हीच कसोटी लागू आहे.

दुसरी गोष्ट अशी की, ही प्रतिमा दुसऱ्याच्या हाती देता येण्याजोगी होती. खराटा कोणालाही मिळतो व कोणालाही चालविता येतो. बाबांना पाहून माणसाच्या मनात त्यांच्याभोवती आरती ओवाळावी असे येण्याऐवजी आपल्या दारापुढची घाण आपणच काढावी असे येई. ते कोणाला पाया पडू देत नसत, कोणाला शिष्य म्हणवून घेऊ देत नसत. लोकांचे लक्ष आपल्याकडे ओढून घ्यावयाचे आणि ते तेथे न थांबविता कामाकडे वळवावयाचे, हे त्यांना साधले होते.

तिसरी गोष्ट हिशेबाची आहे. बाबांच्या शब्दावर लोकांनी पैसा दिला. त्यातून ऋणमोचनला पूर्णा नदीचा घाट बांधला गेला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा झाल्या. मुंबईत रुग्णांच्या नातलगांसाठी निवारा झाला. सदावर्ते व शाळा निघाल्या. त्या संपत्तीवर त्यांनी स्वतःचा वा कुटुंबीयांचा हक्क ठेवला नाही. संस्था विश्वस्तांच्या स्वाधीन केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. चिंध्यांचे वस्त्र आणि विलायती पद्धतीचा कोट यांची येथे अशी भेट झाली. १९५६ च्या डिसेंबरात ६ तारखेला बाबासाहेब गेले आणि २० तारखेला गाडगेबाबा.

प्रतिमा कामाने बनावी, तिने दुसऱ्याला कामाला लावावे आणि तिचा लाभ समाजाच्या खाती जमा व्हावा, हा गाडगेबाबांच्या खराट्याचा अर्थ आहे. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले व त्याला बाबांचेच नाव दिले. या अभियानाने अनेक गावांत लोकांना एकत्र आणले, यात शंका नाही. तथापि, तपासणी समितीच्या भेटीपुरते चकचकीत झालेले आणि समितीची गाडी वेशीबाहेर पडताच पूर्वपदावर आलेले गावही लोकांच्या परिचयाचे आहे. चार पाहुण्यांनी आधीच झाडलेल्या रस्त्यावर नवे कोरे झाडू धरून काढलेले छायाचित्र पाहिले की, चिन्ह कायम राहूनही आशय कसा निघून जातो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पाटी कोणाची, पैसा कोणाचा

खासगी व्यवसाय करणाऱ्या गृहस्थाने स्वतःच्या पैशाने स्वतःची जाहिरात केली, तर तो त्याचा प्रश्न होय. लोकसेवकाचे तसे नाही. त्याच्या मागे शासनाची मोहोर असते, आणि ज्या कामाने त्याची कीर्ती व्हावयाची ते काम जनतेच्या पैशाने झालेले असते. पाण्याची टाकी, शाळेची खोली, स्मशानभूमीची शेड यांवर ठळक अक्षरांत कोणाचे नाव असावे, यावरून गावागावांत वितुष्ट येते. टाकीत पाणी किती दिवसांनी येते, हा प्रश्न त्या वितुष्टात बाजूला पडतो.

हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही आला. माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशी विचारात घेऊन न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी निकाल दिला. शासकीय जाहिरातींचा मजकूर शासनाच्या कर्तव्याशी निगडित असावा, त्यातून सत्तारूढ पक्षाचे हित साधले जाऊ नये, आणि त्यांत राष्ट्रपती, पंतप्रधान व सरन्यायाधीश यांच्याखेरीज पदावरील अन्य कोणाचे छायाचित्र असू नये, असे त्यात म्हटले होते. मार्च २०१६ मध्ये छायाचित्रांची ही मर्यादा शिथिल करून राज्यपाल, मुख्यमंत्री व संबंधित खात्यांचे मंत्री यांना मुभा देण्यात आली. तरीही मूळ तत्त्व कायम आहे. जनतेच्या पैशाने द्यावयाची ती माहिती. व्यक्तीची थोरवी नव्हे.

आता छायाचित्र काढावयास छायाचित्रकार लागत नाही व छापावयास छापखाना लागत नाही. प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी आहे आणि समाजमाध्यमे अहोरात्र खुली आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये गुजरात विधानसभेच्या निवडणुकीसाठी निरीक्षक म्हणून गेलेल्या एका सनदी अधिकाऱ्याने आपल्या नियुक्तीची छायाचित्रे समाजमाध्यमावर प्रसृत केली, तेव्हा निवडणूक आयोगाने त्यास त्या कामावरून दूर केले. महाराष्ट्र शासनानेही जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, आणि शासकीय कामाची माहिती देताना त्यात स्वयंप्रशंसा येणार नाही याची दक्षता घ्यावी, असा त्यांचा आशय आहे.

या सूचनांचा अर्थ गप्प बसावे असा कोणी करू नये. शासनाची योजना कागदावर उत्तम असूनही तिची वार्ता पाड्यावर पोहोचली नाही, तर त्या योजनेचा उपयोग शून्य. माहिती सांगणे हे कर्तव्यच आहे. प्रश्न असतो तो वाक्याच्या कर्त्याचा. "अर्ज कोठे करावा, कोणती कागदपत्रे लागतील, शेवटची तारीख कोणती" हे सांगणाऱ्या मजकुरात कर्ता नागरिक असतो. "साहेबांच्या अथक प्रयत्नांतून" असा प्रारंभ झाला की कर्ता बदलतो, आणि ज्याला दाखला हवा आहे त्याला त्या मजकुरातून काहीच मिळत नाही.

ज्यांना चेहराच नाकारला गेला

येथे एक दुसरी बाजूही लक्षात घेणे अगत्याचे आहे. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने आपला चेहरा मागे ठेवावा, हे योग्यच. परंतु ज्याला समाजाने आजवर चेहराच दिला नाही, त्याला हाच उपदेश करणे अन्यायाचे होईल.

१९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. कायद्याने खुर्ची दिली. पण अनेक ठिकाणी त्या खुर्चीवर पती बसतो, सरपंचपती या अजब पदाने ओळखला जातो, फलकावर त्याचेच छायाचित्र मोठे असते आणि निवडून आलेली स्त्री सह्यांपुरती उरते. तिने ग्रामसभेत स्वतः उभे राहून अंदाजपत्रक वाचावे, तालुक्याच्या कार्यालयात स्वतः जावे, फलकावर आपले नाव स्वतःच्या ओळखीने लिहावे, यात आत्मस्तुती नाही. पदाबरोबर आलेली जबाबदारी कोणाची, हे गावाला कळण्याचा तोच मार्ग आहे. महाडला स्त्रियांनी वेष बदलला, त्याच वाटेवरचे हे पुढचे पाऊल म्हणता येईल. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद याच हेतूने केलेली आहे. ती सभा कागदावर न उरकता प्रत्यक्ष भरविली, तर पहिल्यांदा बोलणाऱ्या स्त्रीचा आवाज मोठ्या सभेतही फुटतो.

पहिल्या पिढीत शिकलेला शिक्षक, पाड्यावरून निवडून आलेला आदिवासी सदस्य, दिव्यांग कर्मचारी यांच्याविषयीही हेच म्हणावे लागेल. लोकांच्या मनात त्यांचे चित्र आधीच कोणीतरी रंगविलेले असते. ते पुसून आपले खरे चित्र उभे करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, आणि सहकाऱ्यांनी त्यांस वाव द्यावा ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही.

पत राखावी कशी

लोकप्रतिमा चांगली राखण्याचे उपाय साधे आहेत. कठीण आहे ते त्यांतील सातत्य.

पहिला उपाय वेळ पाळण्याचा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा किती दिवसांत द्यावयाची आणि ती देण्यास पदनिर्देशित अधिकारी कोण, हे कार्यालयात लावलेले असले पाहिजे. विलंब झाल्यास अपिलाची व दंडाचीही तरतूद त्यात आहे. दंडाच्या भीतीने वेळ पाळणे आणि म्हातारीचा एस.टी.चा फेरा वाचावा म्हणून वेळ पाळणे, यांतील अंतर लोकांना बरोबर कळते.

दुसरा उपाय हिशेब उघडा ठेवण्याचा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणास आपली माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करावयास सांगितले आहे. कामाच्या जागी लावलेल्या फलकावर मंजूर रक्कम, खर्च झालेली रक्कम, काम सुरू झाल्याची व संपल्याची तारीख एवढे जरी सुवाच्य अक्षरांत लिहिले, तरी त्या फलकाने होणारी कीर्ती कोणत्याही अभिनंदनाच्या फलकापेक्षा अधिक काळ टिकेल. तो फलक उन्हापावसात विटला, तरी लोकांनी आकडे वाचलेले असतात.

तिसरा उपाय चुकीची कबुली देण्याचा. अनेकांना वाटते की, चूक मान्य केल्याने प्रतिमा डागाळते. अनुभव याच्या उलट आहे. गांधींनी लंडनच्या टोपीची गोष्ट स्वतःच सांगितली, म्हणून ती त्यांच्या विरोधकांच्या उपयोगी पडली नाही. लाभार्थ्यांच्या यादीत चुकीचे नाव गेले असेल, तर ग्रामसभेत उभे राहून ते सांगावे आणि दुरुस्तीची तारीख द्यावी. झाकलेली चूक बाहेर यावयाची राहत नाही. आणि ती बाहेर येते तेव्हा ती चूक राहत नाही, लबाडी ठरते.

चौथा उपाय श्रेय वाटून देण्याचा. शाळेचा निकाल उंचावला, तर त्यात मुख्याध्यापकाबरोबर रोज वेळेवर घंटा देणाऱ्या शिपायाचा, पोषण आहार शिजविणाऱ्या बाईंचा आणि मुलीला शेतावर न नेता वर्गात धाडणाऱ्या आईचाही वाटा असतो. त्यांची नावे घेतली, म्हणून मुख्याध्यापकाचे नाव लहान होत नाही. उलट पुढच्या वर्षी चार हात अधिक मिळतात.

पाचवी गोष्ट लोकांच्या बाजूने आहे. प्रतिमा घडविण्यात जसा लोकसेवकाचा, तसा समाजाचाही हात असतो. फलकांच्या संख्येवरून कार्यकर्त्याची थोरवी मोजणारे गाव स्वतःहून फसवणुकीला आमंत्रण देते. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण गावकऱ्यांना पाठ आहे. ती मतदानाच्या दिवशी व ग्रामसभेच्या दिवशी आठवली पाहिजे. नियम पाळणाऱ्या अधिकाऱ्याला अडेलतट्टू ठरविणारी कुजबुजही गावातच जन्म घेते. प्रामाणिक माणसाची निंदा कानावर आली असता, "तुम्ही स्वतः पाहिले काय?" एवढा प्रश्न विचारणारा एक शिक्षक वा एक पंच प्रत्येक गावात असावयास हवा.

बदलीनंतर

लोकसेवकाची बदली होते, सदस्याची मुदत संपते, शिक्षक निवृत्त होतात. निरोपसमारंभात हार घातले जातात, गौरवपर भाषणे होतात. परंतु खरा निकाल त्या दिवशी लागत नाही. पाच-सात वर्षांनी त्याच गावच्या स्टँडवर तो मनुष्य पुन्हा उतरतो, तेव्हा लागतो. त्याच्या अंगावर पदाचे कोणतेही चिन्ह नसते. दाखले देण्याचा, नाव घालण्याचा वा कापण्याचा अधिकार संपलेला असतो. अशा वेळी कोणी चहाच्या टपरीवरून उठून, "या, बसा. तुमच्या वेळची विहीर अजून आटली नाही", असे म्हणतो की पाठ फिरवितो, यावरून त्याची पत कळते.

तो उद्गार आपल्याविषयी निघावा, असे कोणाला वाटणार नाही? मात्र तो त्या दिवशी मागून मिळत नाही. त्यासाठी विहीर खणतेवेळी दगड कोठे लागला, पैसे कोठे संपले आणि माणसे कोठे थकली, हे त्याने तेथे उभे राहून पाहिलेले असावे लागते. देबूजी जानोरकर हे नाव लोक विसरले, पण गाडगेबाबा हे नाव विसरले नाहीत. ते नाव त्यांना लोकांनी दिले होते, आणि ते देण्याआधी लोकांनी त्यांच्या हातचा खराटा झिजताना पाहिला होता.